एकशे चाळीसच्या गाडीतलं लुगडं

कुरुंद्याहून सुरतेला कसं जावं, असं नातीच्या या ब्लॉगवर कुणीतरी विचारलं. प्रकाशला, म्हणजे माझ्या पोराला, लिहायला लावलं तर तो नुसती गाडीच सांगत बसेल. म्हणून मी लिहिते. चौथीपर्यंतच शाळा झालीय माझी, तेव्हा चुका काढत बसू नका.

मी काही फिरायला गेले नव्हते. चार-सहा वर्षांमागचा उन्हाळा. धाकटी बहीण गया सुरतेत वारली. आमच्यात बाई गेली की शेवटचं लुगडं माहेराहून यावं लागतं. ते आल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आईबाप गेलेले, भाऊ गेलेला. गयाचं माहेर म्हणून उरले मी एकटी. भाचा महादू फोनवर म्हणाला, "मावशी, उद्या दुपारपर्यंत बर्फावर ठेवतो. त्याच्या पुढं न्हाई जमायचं."

प्रकाश आणि मी जीपनं वसमतला आलो. डायव्हर म्हणतो, "आजी, सरका जरा, अजून चौघं येऊन राहिले."

"येऊ दे. एकाला तुझ्या मांडीवर बसव."

वसमतला जांभळ्या काठाचं लुगडं घेतलं, एसटीनं परभणी गाठली, आणि तिथून मुंबईची गाडी. बसायला जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका. भाकरी-ठेचा सोबत ठेवा, वाटेतला वडा नुसता तेलाचा असतो.

जळगावावरून सुरतेला साधी गाडी जाते. पण प्रकाशनं मुंबईवरून जायचं ठरवलं, कारण तिथून ती नवी पळती गाडी होती. वसमतला बिजलीच्या सामानाचं दुकान आहे त्याचं, अशा गोष्टी त्याला तोंडपाठ. रस्ताभर तेच चालू.

"माय, ताशी एकशे चाळीस! मोटारीसारखे डिस्क ब्रेक. टक्कर झाली तरी डबे एकमेकावर चढत न्हाईत. आन् बिजलीसाठी जनरेटरचा आख्खा डबा जोडलेला."

"तो बंद पडला तर?"

"काहून अभद्र बोलून राहिलीस?"

"अभद्र कामालाच निघालोत."

मुंबईत सकाळी टॅक्सीनं दुसऱ्या स्टेशनवर गेलो. पलीकडच्या फलाटावर सुरतेकडची साधी गाडी सुटायच्या बेतात होती. मी म्हटलं, हिच्यातच बसू. प्रकाश म्हणाला, "ती जागोजागी थांबती. आपली मागून सुटून पुढं जाईल." तिकिटं काढलेली होती. मी त्याच्या मागं चालू लागले.

गाडी चांगली होती, खोटं कशाला बोलू? आत थंडगार, खुर्च्या मागं रेलणाऱ्या, काचा दुहेरी आणि कायमच्या बंद. मिठागरं गेली, डहाणूकडच्या चिकूच्या वाड्या गेल्या, आणि बाटलीतलं पाणी हललं नाही. ताटात पाव आणि कटलेट आलं. मयतीला निघालेले आम्ही, मी हात लावला नाही.

मग दिवे गेले. गारवा गेला. थोड्या वेळानं गाडीच थांबली, ना स्टेशन ना गाव. जनरेटर बसला म्हणे. कोणी म्हणालं इंजिनही बिघडलं. नीट सांगायला कोणी फिरकलं नाही. पंखे नाहीत, खिडकी उघडत नाही. एक शेठ काचेवर बुक्क्या मारायला लागला. त्याला म्हटलं, "फुटली तर बरंच, पन तुमचा हात आधी फुटंल." शेवटी दार उघडलं, तेव्हा श्वास आला.

दारात उभे होतो तर शेजारच्या रुळावरून साधी गाडी गेली. सकाळचीच ती. खिडक्या सगळ्या उघड्या, लोकांचे केस वाऱ्यावर. एका लेकरानं आम्हाला हात केला. प्रकाश खाली पाहत राहिला.  

ऊन डोक्यावर आलं. प्रकाशच्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून समोरच्या बाईंनी मोबाईल दिला. महादू म्हणाला, "मावशी, बर्फ सरला. लोक थांबायला तयार न्हाईत."

"उचला."

"पन लुगडं?"

"तिच्या शेजारी कोन राहतं?"

"कांताबेन. सकाळपासून इथंच बसून हाय."

"ती देईल ते नेसवा. माहेर म्हणून मी सांगते, बराबर हाय."

फोन परत दिला आणि लुगड्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले.

दुसरं इंजिन आलं, तेव्हा कुठं गाडी हलली. पोचलो तोवर स्मशानातून माणसं परतली होती. कांताबेननं आपली फुलाफुलांची सुती साडी दिली होती. मी लुगडं तिच्यापुढं ठेवलं. ती म्हणाली, "नौवारी मुझे पहनना नहीं आता, बहन. आप रखो." जबरदस्ती केली नाही.

परत येताना जळगावावरून आलो, साध्या गाडीनं. हळू जाते, धूळ येते, पण खिडकी उघडते. कुणी वाट पाहत असेल तर तुम्ही त्याच रस्त्यानं जा. प्रकाश सगळ्या वाटेत एकदाच बोलला, "माय, त्या फलाटावर तुझं ऐकाया पाहिजे होतं." मी म्हटलं, "भाकरी खा."

लुगडं माझ्या पेटीत आहे. दर उन्हाळ्यात ऊन दाखवते, निंबाचा पाला घालून ठेवते. परवा सुनेला दाखवलं. म्हटलं, माझ्या वेळी माहेराहून कोणी यायचं नाही, कोणाला फोन लावू नका, बर्फ आणू नका. माहेरच्या हातानं घेतलेलं हे आहे.

ती रडायला लागली. "आत्याबाई, असं काहून बोलता?"

मी म्हटलं, "किल्ली कुठं असती ते पाहून ठेव."