अडुळशाचा काढा आणि दारातली रिक्षा

बाबांची छाती चार दिवस भरलेली होती आणि माझा पाय घरात ठरत नव्हता. आवाराच्या दगडी गडग्यालगतची अडुळशाची झुडपं मी ओरबाडून बोडकी केली. पानांचा काढा आलं-गूळ घालून पाजला, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली, वाफ दिली. कफ काही सुटेना. डॉक्टरचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड करून निजायचे. जन्मभर बोटीवर नोकरी केलेला माणूस. काढ्याने बरं होत नाही ते त्यांच्या मते दुखणंच नव्हे.

पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांना न विचारता भाट्याहून रिक्षा बोलावली. ती फाटकाशी येऊन थांबली तसे बाबा उठून बसले.

"घुरघुर गेली. हवं तर कान लावून बघ," म्हणाले.

मी त्यांच्या पाठीला कान लावला. खरंच काही आवाज नव्हता. मला इतकं हायसं वाटलं, की पाठ हलतच नाहीये हे कळायला थोडा वेळ गेला.

"बाबा, श्वास घ्या," मी ओरडले.

त्यांनी तोंड घट्ट मिटून फाटकाकडे हात केला. आधी ती रिक्षा घालव, असं.