काळ्या तलावाभोवतीची चार हजार पावलं

आमच्या घरापासून काळ्या तलावाच्या फाटकापर्यंत माझी सहाशे चाळीस पावलं होतात, बायकोची सातशे दहा. डॉक्टरांनी तिला साखरेसाठी रोज चार हजार पावलं चालायला सांगितलं, तेव्हा मोजायचं काम मी स्वतःकडे घेतलं. उजव्या खिशात चाळीस चिंचोके ठेवायचे आणि तिची शंभर पावलं झाली की एक डाव्या खिशात टाकायचा. तिच्या चपलांवर नजर ठेवून मी चालायचो.

थंडीतल्या सकाळी कल्याणात धुकं पडतं. तलावाचा पलीकडचा काठ नाहीसा व्हायचा. माणसं धुक्यातून हळूच उमटायची, जवळून जायची आणि पुन्हा पुसली जायची. बायको काही बोलू लागली की मी बोट वर करायचो, आकडा चुकायला नको म्हणून. ती गप्प व्हायची.

मुलगी माजिवड्याला नोकरी करते. तिनं आईला मनगटावर बांधायचा, पावलं मोजणारा पट्टा आणला. चालणार पाय, मग मनगटाला काय कळणार? माघी गणपतीच्या आरतीत बायकोनं जागेवर उभं राहून टाळ्या वाजवल्या, तर पट्ट्यानं एकशे सहा पावलं जास्त दाखवली. मी लगेच मुलीला फोन करून आकडा सांगितला.

"मग आरती दोनदा करा बाबा. आईचं चालणं घरीच होईल," ती म्हणाली.

मी आठवडाभर पट्टा आणि चिंचोके ताडून पाहिले. फरक कधी नऊचा, कधी बावीसचा. पाचव्या दिवशी मात्र एकशे दहाचा निघाला. रोजचे आकडे लिहिलेली वही मी बायकोपुढे ठेवली.

"त्या दिवशी समोरच्या बिल्डिंगमधले काका भेटले," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही त्यांना हात केलात आणि चिंचोका टाकायचा राहिला. मी बघितलं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"बोलायचं नसतं ना." मनगटावरचा पट्टा नीट करत ती म्हणाली, "चार महिने झाले अहो. उद्यापासून मी एकटी जाईन. हा मोजेल."

मी पुन्हा हिशेब केला. चूक माझी होती. ती वगळली, तर चार हजारांत जास्तीत जास्त बावीसचा फरक उरत होता. तेवढ्यासाठी मी तिला चार महिने गप्प ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती निघताना मी विचारलं, येऊ का. ती हो म्हणाली नाही, पण माझे बूट घालून होईपर्यंत दारात थांबली.

पहिल्या फेरीत माझे ओठ आपोआप हलत होते. दुसऱ्या फेरीत ती बोलू लागली. तिचं लहानपण शहाडला गेलं. वडील तिला सकाळी उल्हास नदीवर न्यायचे. तिला काठावर बसवून ते पाण्यात उतरायचे, धुक्यात दिसेनासे व्हायचे. ती घाबरू नये म्हणून आतून हाक मारायचे, ही ओ द्यायची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मी हे कधी ऐकलं नव्हतं.

"एकदा मी मुद्दाम ओ दिली नाही," ती म्हणाली. "दोन हाका, तीन हाका. मग पाण्याचा आवाज आला. ओल्या अंगानं धावत आले."

"रागावले?"

"नाही. शेजारी बसले. मग कितीतरी वेळ आम्ही बोलत होतो."

धुक्यात फाटक आलं. ते मागे टाकून आम्ही पुढे चालत राहिलो.