समीरला बिअरचा वासच आला नाही

मंडळी, आज दुपारी ट्रुगानिना या आमच्या उपनगरात समीरच्या बॅकयार्डमध्ये जमलो होतो. त्याने बेल्जियममधल्या एका छोट्या, जुन्या ब्रूअरीची पेल एल बिअर उघडली. संत्र्याच्या सालीसारखा मस्त वास सुटला.

समीर घोट घेऊन म्हणाला, "हिला वासच नाही रे."

आम्ही हसलो. त्याची बायको ऋचा मात्र हसली नाही. "सकाळी दूध करपलं, तेव्हाही हा शेजारीच बसला होता, तरी याला कळलं नाही."

आमच्यातल्या डॉक्टर मेघनाने त्याला डोळे मिटायला लावले आणि नाकाशी कॉफी धरली.

"कसला वास येतोय?"

"कसलाच नाही."

"सर्दी? डोक्याला मार?"

"नाही गं."

मेघनाचा चेहरा उतरला. "उद्याच तपासून घे. कारण नसताना वास जाणं बरं नाही, मेंदूचा स्कॅनही लागेल."

समीर "नो वरीज" म्हणाला, पण ग्लास खाली ठेवला.

घरी आल्यापासून मला चैन नाही. तुमच्यापैकी कुणाला असं झालंय? पुढे काय निघालं?