न कापता गुंता सोडवून मिळेल

लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस विचारतो, "सध्या काय करता?" मी म्हणतो, "कुत्र्यांच्या केसांचे गुंते सोडवतो." तो आधी हसतो, मग हातातला घास थांबवतो, मग म्हणतो, "नाही, पण खरंच काय करता?" मग मी एक किस्सा सांगतो, त्यावरून दुसरा आठवतो, आणि मठ्ठा येईपर्यंत आजूबाजूची पाच-सहा ताटं आमच्याकडे कान लावून असतात. दोन-तीन वर्षांत इतकं साठलंय! यातल्या बहुतेक किश्शांत मूर्ख मीच आहे, त्यामुळे सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी ओळख. वाळूजच्या एका कंपनीत मी अठरा वर्षं क्वालिटीला होतो. आमची लाइन बंद झाली, कंपनीने मला 'स्वखुशीने' निवृत्त केलं, आणि बायकोचं ऐकून मी पुण्याला जाऊन आठ दिवसांचा कोर्स केला. मनीषाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, गारखेड्यात आमच्या घराखालीच लेडीज पार्लर आहे. त्याला लागून गाडी लावायची जागा रिकामी होती, कारण गाडी नव्हती. तिथे शटर बसवलं, एक उंच टेबल टाकलं आणि बोर्ड रंगवून घेतला: 'लहान कुत्र्यांची निगा. न कापता गुंता सोडवून मिळेल.' दुसरं वाक्य माझ्या डोक्यातलं. पुढचे सगळे घोटाळे त्या वाक्याने केले.

एक गोष्ट मात्र मी लपवली. चितेगावच्या पुढे, पैठण रोडला आमचं गाव आहे. आई गेल्यापासून आबा, म्हणजे माझे वडील, तिथे मोसंबीची बाग सांभाळत एकटेच राहतात. "माझा संज्या कंपनीत हाय," हे त्यांचं पारावरचं ठरलेलं वाक्य. ते वाक्य त्यांच्या तोंडून काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. दर रविवारी फोनवर ते विचारायचे, "कंची शिफ्ट हाय?" आणि मी बिनदिक्कत शिफ्ट सांगायचो. कुणीतरी त्यांना "तुमचा संज्या कुत्री विंचरतो" असं सांगेल, या भीतीने मी गावाकडच्या कुणालाच दुकानाचा पत्ता देत नव्हतो.

* * *

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले कुलकर्णीकाका आणि त्यांचा लांब केसांचा ल्हासा कुत्रा, जॉनी. जॉनीच्या काखेत, कानामागे, पोटाखाली गुंतेच गुंते. काका म्हणाले, "कापणार नाही ना? बोर्ड वाचून आलोय."

"काका, निश्चिंत जा!"

कंपनीत आम्ही कुठलाही पार्ट आधी धुवायचो, मग तपासायचो. जॉनीलाही मी तोच नियम लावला. गरम पाण्याने मस्त आंघोळ घातली, शाम्पू चोळचोळ चोळला, ड्रायर मारला. गुंते इतके आवळले की सगळ्या अंगाची एकसंध घोंगडी झाली. फणी वरच्या वर घसरायला लागली.

मनीषा पार्लरमधून डोकावली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, गुंता सोडवायच्या आधी केस कोण भिजवतं? चौथीतली पोरगीसुद्धा सांगेल!"

मी पुण्यात आठ दिवस कोर्स केला होता. हे बहुधा नवव्या दिवशी शिकवत असावेत.

शेवटी क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन, फिरवला. आतून जो जॉनी निघाला तो पावशेराचा. संध्याकाळी काका आले, त्यांनी टेबलाकडे बघितलं, टेबलाखाली बघितलं. "आमचा जॉनी कुठंय?" तेवढ्यात जॉनीने आनंदाने त्यांच्या अंगावर उडी मारली. काका दचकून मागे सरले आणि ओरडले, "अहो, हे कुणाचं कुत्रं आहे, बांधून ठेवत चला ना!"

* * *

मग मी पद्धतशीरपणा आणला. क्वालिटीवाल्याचा हात, सवय जाते कुठे! तीन रंगांचे टॅग केले. हिरवा 'ओके', पिवळा 'रिवर्क', लाल 'रिजेक्ट'. तपासणी झाली की टॅग कुत्र्याच्या पट्ट्याला.

गल्लीतल्या पाटीलकाकूंची पॉमेरेनियन, राणी, त्या दिवशी टेबलावर होती. पोटाखालचा गुंता काही सुटण्यातला नव्हता. मी लाल टॅग बांधला आणि काय करावं याचा विचार करत चहा घेत बसलो. तेवढ्यात काकूंचा फोन. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे दोन तास आधीच आले होते, घरात धांदल उडाली होती आणि मुलगी राणीशिवाय बाहेर यायला तयार नव्हती. मी राणीला तशीच उचलली आणि त्यांच्या दारात सोडून आलो.

पुढचं मला काकूंनी नंतर सांगितलं, म्हणजे ओरडून सांगितलं. पोह्यांच्या ट्रेमागून मुलगी आली, मुलीच्या पुढे राणी आली, आणि मुलाच्या आईने राणीच्या गळ्यातला लाल टॅग मोठ्याने वाचला. "रिजेक्ट!" बैठकीत कुणी पोह्यांना हात लावेना. मुलाच्या आईने विचारलं, "हे नेमकं कुणासाठी लिहिलंय?"

मुलाचे वडील निघाले वाळूजचेच, वीस वर्षं इन्स्पेक्शनला. त्यांनी राणीला मांडीवर घेतली, उलटी केली, पोट नीट तपासलं आणि शांतपणे म्हणाले, "टॅग बरोबर हाय."

लग्न ठरलं. मला पत्रिका आली, पण टॅग मात्र मी त्याच दिवशी बंद केले.

* * *

गुंता सोडवायला कॉर्नफ्लोअर फार कामाचं. चिमूटभर गाठीवर टाकायचं, बोटांनी जिरवायचं, केस मोकळे व्हायला लागतात. हे मला कळल्यावर मनीषाच्या स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर टिकेनासं झालं.

रिक्षावाले शेखचाचा एका डॉक्टरीणबाईंचा झुपकेदार शित्झू कुत्रा माझ्याकडे आणून सोडायचे आणि परत न्यायचे. एकदा ते शटरमध्ये आले तेव्हा शित्झू टेबलावर आडवा, वरून खालपर्यंत पांढराफटक, आणि मी दोन्ही हातांनी पीठ चोळतोय. चाचा दारातच थबकले.

"क्या भाई, कुत्ते कू तलने वाले क्या?"

* * *

सरूआजींचा किस्सा सांगायला मला अजून लाज वाटते. नातीबरोबर मनीषाकडे आल्या होत्या, सहज माझ्याकडे डोकावल्या. टेबलावर एक छोटं कुत्रं होतं, मानेपासून शेपटीपर्यंत एकच लांब गुंता. आजींनी हात जोडले.

"जट हाय ती. देवीची. कातर लावू नगंस बाबा, वाटोळं व्हईल."

मी डिप्लोमावाला माणूस. म्हटलं, "आजी, असलं काही नसतं. केस विंचरले नाहीत की जट होते, माणसाची असो की कुत्र्याची." आणि क्लिपर चालू केला.

क्लिपर बंद पडला. पंखा बंद पडला. पार्लरमधले ड्रायर बंद पडले. लाइट गेली होती.

"बघ!" आजी म्हणाल्या.

अर्ध्या तासाने लाइट आली. तोवर मी गुपचूप फणी घेऊन बसलो होतो. तीन तास लागले, पण हातानेच सोडवलं. मालकीणबाई खूश झाल्या, म्हणाल्या, "किती संयम हो तुमचा!" मी म्हटलं, "आमची पॉलिसीच आहे तशी."

* * *

मला टक्कल आहे हे सांगायचं राहिलं. एक सात वर्षांची मुलगी आपल्या कुत्र्याचं सगळं काम डोळे न मिटता बघत होती. मध्येच तिने माझ्या डोक्याकडे बघितलं आणि अगदी मायेने विचारलं, "काका, तुमचा गुंता सुटला नाही का?"

* * *

आणि मग आबा आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन, आठ दिवस आमच्याकडे मुक्काम. राहायला वरच्या मजल्यावर, बरोबर माझ्या दुकानाच्या डोक्यावर!

मनीषा म्हणाली, "सांगून टाका." मी म्हटलं, "डोळा बरा होऊ दे, मग सांगतो." म्हणजे घाबरलो.

रोज सकाळी मी कंपनीचा जुना युनिफॉर्म घालायचो. पोटावरचं बटण लागत नव्हतं, तिथे पिन. हातात डबा, खांद्याला बॅग. "येतो आबा, बस येईल." पुढच्या जिन्याने उतरायचो, कोपऱ्यावरच्या दूध डेअरीला वळसा घालायचो आणि मागच्या दाराने दुकानात शिरायचो. संध्याकाळी तोच वळसा उलटा. तिसऱ्या दिवशी डेअरीवाला म्हणाला, "भाऊ, एवढं नटून फेऱ्या कुठं मारता?" म्हटलं, "डॉक्टरने चालायला सांगितलंय."

आबा वर खाटेवर पडून दिवसभर आमची गिऱ्हाइकं ऐकायचे. "तुमच्या गल्लीत कुत्री लई हैती रे," एवढंच म्हणायचे. एका संध्याकाळी त्यांनी माझ्या बाहीवरचा एक लांबच लांब पांढरा केस उचलला आणि चांगल्या डोळ्यासमोर धरला.

"कंपनीत काय बनवता आता?"

"पार्ट, आबा."

"पार्टाला केस येत्यात व्हय?"

"ब्रशचे पार्ट."

आबा हसले नाहीत. केस त्यांनी खिडकीतून बाहेर सोडला. 

* * *

सहाव्या दिवशी मनीषा नवरीच्या मेकअपला बाहेर गेली होती. कांबळेमॅडम सकाळीच त्यांच्या चिकीला ठेवून गेल्या. मॅडम शाळेत शिकवतात. चिकी त्यांच्या लेकीची कुत्री, लेक शिकायला बाहेरगावी. पेपर तपासण्याच्या नादात मॅडमनी महिनाभर चिकीला फणी लावली नव्हती, आणि लेक दुसऱ्या दिवशी येणार होती. "कापू नका हो," त्या म्हणाल्या, "ती माझ्याशी बोलणार नाही."

चिकीचे दोन्ही कान पुठ्ठ्यासारखे झाले होते. अंगाचं जमलं, कानांपाशी मी अडलो. मी ओढायचो, ती केकाटायची. पुन्हा ओढायचो, पुन्हा केकाटायची. दुपार झाली. मी वैतागून क्लिपर हातात घेतला तेव्हा अर्धं ओढलेलं शटर वर गेलं.

आबा होते. काळा चष्मा, एका हाताने भिंत धरलेली. कुणीतरी कुत्र्याला मारतंय असं वाटून ते उतरले होते. समोर मी. अंगात युनिफॉर्म, पोटाला पिन, कोपरापर्यंत कॉर्नफ्लोअर.

"तू कंपनीत गेला नव्हता व्हय?"

अठरा वर्षं क्वालिटीत उत्तरं देऊन आलेला माणूस मी. मोकळ्या हाताने मी पोटावरची पिन चाचपली. "कंपनी कधीच सुटली, आबा," मी म्हटलं. "आता हेच करतो. दीड वर्ष झालं."

आबांनी दुकान बघितलं. टेबल, फण्या, खाली पडलेले केस. मग चिकीकडे बघितलं. मी खाली मान घालून वाट बघत होतो.

"वढतो कशाला?" ते म्हणाले. "मुळाशी धर. मधी बोट घाल, म्हंजी कातड्याला झोंबत नाय तिच्या."

त्यांनी स्टूल ओढलं, माझ्या हातातला क्लिपर काढून बाजूला ठेवला आणि बसले. डाव्या हाताच्या दोन बोटांत कानाचं मूळ धरलं, उजव्या हाताने टोकाकडून एकेक केस सुटा करायला लागले. नीट दिसत नव्हतं, बोटांनीच चाललं होतं. चिकी एकदाही केकाटली नाही. थोड्या वेळाने तिने आबांच्या मांडीवर मान टाकली.

"आबा, हे कुठं शिकलात?"

 एक गाठ सुटली, ती त्यांनी अंगठ्याने चाचपून बघितली.

"तुझी आई पाच महिने पडून व्हती तवा. उशीला घासून घासून केसांचं पार हे झालं व्हतं. घरी इंजेक्शनला यायची ती सिस्टर म्हनली, काढून टाका समदे. आईला बोलता येत नव्हतं, तिनं निस्तं माझ्याकडं बघितलं. म्या म्हनलं, नाय काढायचे."

मी तेव्हा फर्स्ट शिफ्टला होतो. रविवारी गावी जायचो. आईची वेणी घातलेली असायची. शेजारच्या काकी घालतात, असं मी धरून चाललो होतो.

"रोज दुपारी दार लावून बसायचो," आबा म्हणाले. "कुनी हाक मारली की फणी गादीखाली."

"मला कधी बोलला नाहीत."

"सांगायसारखं काय व्हतं त्यात?"

बाहेर स्कूटर थांबली. कांबळेमॅडम घाईघाईने आत आल्या, आधी माझ्याकडे, मग काळ्या चष्म्यातल्या अनोळखी म्हाताऱ्याकडे आणि मग त्याच्या मांडीवर झोपलेल्या चिकीकडे बघत राहिल्या. मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

आबांनी मान वर केली नाही.

"बसा जरा बाई," ते म्हणाले. "एक कान राह्यलाय."