दोन रेघांपुरता ओलावा
आईच्या बसपासाच्या पाकिटात आज कागदाची अरुंद पट्टी सापडली आणि नारायण पेठेतला तो डोळ्यांचा दवाखाना आठवला. तिच्या डोळ्यांत कित्येक महिने वाळू गेल्यासारखं खुपत होतं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांतलं पाणी मोजायला तशा दोन पट्ट्या तिच्या खालच्या पापण्यांत अडकवल्या आणि डोळे मिटायला सांगितलं. पाच मिनिटं मी तिच्या गालांवर लोंबणारे ते कागद बघत बसलो. काढले तेव्हा छापलेल्या रेघांपैकी जेमतेम दोन भिजल्या होत्या. "अहो, यांना रडू आलं तरी डोळ्यांत पाणी यायचं नाही," बाई म्हणाल्या. त्याच्या वर्षभर आधी, बाबांच्या तेराव्याला, भरल्या घरात, मी आईला सुनावलं होतं, "बाबा गेले तरी तुझ्या डोळ्यांत पाणी नाही!" दवाखान्यातून निघताना आईने त्यातली एक पट्टी मागून घेतली. जिन्यात मी म्हणालो, "सगळ्या नातेवाइकांना दाखवू." "त्यांनी कुठे विचारलं होतं?" एवढंच म्हणून ती कठडा धरून उतरू लागली. माफी मागायला तेवढा जिना पुरला असता, पण मी रिक्षा बघायला पुढे धावलो. नंतर सहा वर्षं मीच रोज चार वेळा तिच्या डोळ्यांत थेंब घालायचो, गालांवर ओघळलेले पुसायचो, आणि माफी उद्यावर ढकलायचो. आता पुसायला गालही नाहीत.