मागच्या स्प्रिंगा

आमच्या गाडीत दोन पेडल जास्तीचे होते. डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक, कारण ती ड्रायव्हिंग शिकवायची गाडी होती. यवतमाळात आर्णी रोडला एका गाळ्यात मी आणि माझे पती ड्रायव्हिंग स्कूल चालवायचो. एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दारात ही पांढरी मारुती. आठवडाभर ती शिकणाऱ्यांचे गचके खायची. रविवारी मी तिला ऑटोक्रॉसच्या सरावाला न्यायची.

ऑटोक्रॉस म्हणजे काय, हे मला त्या काळात जो भेटेल त्याला समजावून सांगावं लागायचं. मोकळ्या मैदानात शंकू मांडून एक वाकडीतिकडी वाट आखतात. एका वेळी एकच गाडी सोडतात. शर्यत असते ती घड्याळाशी. शंकू पाडला की वेळ वाढवून धरतात. एवढंच. ऐकणारा म्हणायचा, "अन् भेटते काय?" एक कप, कधी एक भिंतीवरचं घड्याळ. त्यापुढे सांगण्यासारखं काही नसायचं.

आवड मूळची माझ्या पतींची. लग्नाआधी ते जीप घेऊन अशा शर्यतींना जायचे. एका शर्यतीत जीप उलटली आणि मणक्याला मार बसला. आमचं लग्न ठरलं तेव्हा ते बरे झाले असं सगळे धरून चालले होते, ते स्वतःसुद्धा. काही वर्षांनी डावा पाय दगा द्यायला लागला. क्लच दाबला की पोटरीतून कळ निघायची. बायकांना शिकवायला घरचं बाईमाणूस पाहिजे म्हणून त्यांनी मला गाडी शिकवली, आणि शिकवता शिकवता एक दिवस म्हणाले, "तुहा हात हलका हाये व. स्टेरिंगले तू चिमटीत धरते. हे शिकवून येत नाई."

त्यानंतर मी चालवायची आणि ते गाडी तयार करायचे. त्यांना जे करता येत नव्हतं ते माझ्या हातून व्हायला लागलं. मलाही ते आवडायला लागलं. बंजारा तांड्यातून आलेल्या मला, जिचं माहेरी सायकल चालवणंसुद्धा चर्चेचा विषय झालं होतं, भर मैदानात गाडीची शेपूट फिरवता येते याचं सुख काही वेगळंच होतं.

सरावाची जागा म्हणजे गावाबाहेरच्या एका जिनाचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं, आवार. पूर्वी दिवाळीनंतर त्या आवारात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे कापसाचे ढीग आणि रिकाम्या होऊन परतणाऱ्या गाड्या. आम्ही जायला लागलो तेव्हा जिनाला कुलूप होतं. ते एक बंद पडलं तसं पुढच्या हंगामात शेजारचंही बंद पडलं. ओळखीच्या मुनीमजींनी फाटक उघडून दिलं आणि म्हणाले, "घुमवा कितीबी. इथं आता कोणाची अडचण नाई." शेडच्या जाळ्यांत जुनी रुई अडकून काळी पडली होती. इतकं मोठं सपाट मैदान आम्हाला एरवी कुठे मिळालं असतं? आमचा सराव चांगला व्हायचा तो गावाचं वाईट झालं म्हणून, हे दोघांनाही कळत होतं.

टायरांचे आमच्याकडे तीन जोड होते. एक गाडीसोबत आलेला, अरुंद. दुसरा थोडा रुंद आणि झिजलेला, कडक कोरड्या जमिनीसाठी. तिसरा रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवून घेतलेला, बटन टायरांचा, ज्याच्या मोठाल्या गोट्या मुरमात दात रोवल्यासारख्या बसायच्या. आमच्या जिल्ह्यात टायर निवडायचा म्हणजे माती ओळखायची. मुरमात बटन टायरासारखा टायर नाही. पण काळी माती ओली असली तर गोट्यांमधल्या फटी एका फेरीतच भरतात आणि टायराचा गुळगुळीत लाडू होतो. अशा वेळी अरुंद टायर बरा. तो वरचा चिखल कापून खालच्या कडक थरापर्यंत पोचतो. हे त्यांनी मला कणकेच्या गोळ्यावर एकदा पोळपाट आणि एकदा सुरी दाबून दाखवलं होतं.

स्प्रिंगांचं प्रकरण जास्त नाजूक. मारुतीची पुढची चाकं गाडीला ओढतात, मागची नुसती मागे मागे येतात. जोरात वळलं की नाक सरळच जायला बघतं. त्यावर उपाय असा की पुढची बाजू मऊ ठेवायची आणि मागची कडक करायची, म्हणजे वळणावर मागची चाकं सुटतात, शेपूट फिरते आणि नाक आपोआप आत येतं. त्यांनी आधी मागच्या स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबराचे ठोकळे बसवले. मग जास्त जाड तारेच्या स्प्रिंगा शोधून आणल्या. मग शॉकअप बदलले. प्रत्येक बदलानंतर ते माझ्या शेजारी डाव्या सीटवर बसायचे आणि फेरी झाली की विचारायचे.

"आता कसं वाटून राह्यलं?"

"बरं वाटून राह्यलं. लवकर वळते."

"तसं नाई. डोयानं नाई सांगाचं, कंबरेनं सांग. मांगचं कधी सुटलं? ब्रेकावर का स्टेरिंगवर?"

मी डोळे मिटून आठवायची. हळूहळू मला खरंच कळायला लागलं. गाडी काय करणार ते आधी कंबरेला समजायचं, मग हातांना. ते दिवस मला आजही चांगले म्हणून आठवतात, आणि मग लगेच पुढचं आठवतं.

एका रविवारी नवीन शॉकअप घालून मी फेरी मारली. गाडी अशी वळली की मी मोठ्यानं हसले. शेवटच्या शंकूशी ब्रेक मारला आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते दोन्ही हातांनी सीट धरून बसले होते. चेहरा घामानं निथळत होता, ओठ पांढरे.

"काय झालं?"

"काई नाई. चांगली बसली आता. असंच पायजे होतं."

"दुखलं का?"

"थांब जरा. उतरू दे मले."

उतरायला त्यांना बराच वेळ लागला. त्यानंतर ते सरावाला गाडीत बसले नाहीत. आवाराच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चाकं पाहायचे. गाडी जितकी कडक, तितका प्रत्येक खड्डा सरळ सीटमध्ये आणि सीटमधून मणक्यात. मी म्हणाले, मऊ करू. ते भडकले. "मऊ करून मंग धावाचं कायले? मी बसलो काय अन् नाई बसलो काय, चालवते तर तू." त्यांनी स्वतःच्या हातानं ती गाडी अशी केली होती की तिच्यात त्यांनाच जागा उरली नाही. आणि ती त्यांनी केलेली सगळ्यात चांगली गाडी होती.

सोमवारी शिकणारे यायचे, म्हणून रविवारी संध्याकाळी मागच्या स्प्रिंगा काढून साध्या घालाव्या लागायच्या. हे काम आधी ते करायचे, मग माझ्याकडे आलं. मी जॅक लावून गाडीखाली शिरायची आणि ते खुर्चीवरून सांगायचे, डावीकडचा नट आधी, आता दांडा खाली घे, आता ओढ. आत सासू त्यांच्या कमरेसाठी तेल कोमट करत ठेवायची. तिला आम्ही याडी म्हणायचो. ती एकदा दारात येऊन म्हणाली, "बाईच्या अंगावर गाडी अन् माणूस खुर्चीवर. काय दिवस पाह्यले मी." मी गाडीखालीच होते, मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. डाव्या पायाची बोटं आत वळायला लागली होती.

शिकणारेही कमी होत गेले. आमच्याकडे गाडी शिकायला लोक यायचे ते कापूस विकला गेल्यावर. घरात जीप किंवा सेकंडहँड कार येणार असायची. आता कापसाला भावच नव्हता, तर गाड्या कुठून येणार? एक हंगाम असा गेला की शिकायला फक्त एक नर्सबाई होत्या. सरकारी दवाखान्यात काम करायच्या, ड्युटी संपवून थेट यायच्या. एका सोमवारी माझ्या स्प्रिंगा बदलायच्या राहून गेल्या होत्या. त्यांनी गाडी थांबवली आणि म्हणाल्या, "मॅडम, आज गाडी फारच आदळते."

मी कारण सांगितलं. शर्यतीचं ऐकून त्यांनी इंजिन बंद केलं.

"आमच्या वार्डात रोज औषध पिलेली माणसं येतात," त्या म्हणाल्या. "फवारणीचं औषध. पलंग पुरत नाहीत, खाली गादी टाकतो. मी तुम्हाला काही म्हणत नाही. फक्त मला रविवारचं सांगू नका."

मी पुन्हा कधी सांगितलं नाही. पण त्या दिवशी जाताना त्यांनी खुर्चीवरच्या माझ्या पतींचा पाय पाहिला. त्यांना चप्पल काढायला लावली, अंगठा दाबला, विचारलं काय वाटतं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, नागपूरला न्या, लवकर न्या. मी घरी विषय काढला.

"शर्यत होऊ दे," ते म्हणाले.

"शर्यत दरवर्षी येते."

"माह्यासाठी नाई येत."

मी दोनदा भांडले, एकदा रडले. याडीनं शपथ घातली. ते हलले नाहीत.

शर्यत त्या वर्षी वणीजवळ, राजूरच्या अलीकडे होती. खाणीतून निघालेली माती टाकून सपाट केलेलं मैदान होतं, खाली खडी आणि मुरूम, वर कोळशाची बारीक भुकटी. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस झाडावर भिजून लोंबत होता. गाडीत आम्ही दोघंच होतो, मागे टायर. राळेगावच्या बाजूनं येणारी एक एसटी समोर बंद पडली होती, तिच्यातली माणसं खाली उतरून शेताकडे पाहत उभी होती. ते म्हणाले, "बटन टायर नाई चालाचे आज." मी म्हणाले, खाली मुरूम आहे, बटनच चालतील. मैदानापर्यंत आमचा तोच वाद चालू होता. मला बरं वाटत होतं. वाद चालू होता तोवर सगळं नेहमीसारखं होतं.

शर्यतीआधी वाटेवरून पायी फिरून येऊ देतात. ते काठी घेऊन माझ्यासोबत निघाले. शंकूंमधून चालताना ते मला थांबवून म्हणायचे, "टाच दाब. खाली काय लागते?" मी टाच रोवायची. वरती बोटभर काळं गाळासारखं, खाली टणक. "मंग? अरुंद टायरच पायजे. कापून खाली जाते थो." त्यांचं बरोबर होतं. आम्ही परत फिरलो. मी सहज मागे पाहिलं तर चिखलात त्यांची डावी चप्पल पडलेली होती, बरीच मागे. त्यांचा पाय उघडा होता आणि तळव्याला खडीचा तुकडा लागून रक्त येत होतं. ते तसेच चालत होते, टायरात हवा किती ठेवायची ते मला सांगत.

मी म्हणाले, "अहो, चप्पल."

त्यांनी खाली पाहिलं. रक्त पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर दुखल्याचं काहीच नव्हतं, आणि तेच भयंकर होतं. पोटरीतल्या त्या कळेचं नावही त्यांनी बरेच दिवस काढलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"मागची हवा जास्त ठेव," ते म्हणाले. "पुढची कमी."

मी त्यांचा पाय पाण्यानं धुतला, माझी ओढणी फाडून बांधली. अरुंद टायर चढवले. माझी पाळी आली तेव्हा मी गेले आणि आले. एकही शंकू पडला नाही. बायकांच्या गटात आम्ही मोजक्याच होतो, त्यात माझा दुसरा नंबर लागला. ते खुर्चीवरून विचारत होते, "मांगचं कसं आलं? कंबरेनं सांग." मला काहीच कळलं नव्हतं. सगळ्या वाटभर मी तो उघडा पाय पाहत होते. मी म्हणाले, "बराबर आलं. तुम्ही म्हटलं तसंच."

नागपूरला जायचं त्या दिवशी सकाळी मी गाडीखाली शिरले. मागच्या कडक स्प्रिंगा काढल्या, रबराचे ठोकळे काढले, जुने मऊ शॉकअप घातले. टायरांमधली हवा कमी केली. त्यांच्याकडून शिकलेलं सगळं उलट्या बाजूनं वापरलं. सीटवर याडीनं गोधडीची घडी ठेवली. देवळी, वर्धा, नागपूर, तो सगळा रस्ता मी खड्डा चुकवत नेला, जसं मी शंकूंमधूनही कधी नेलं नसेल. ते एकदाच म्हणाले, "गाडी लय मऊ केली व."

डॉक्टर भले होते. मणक्याची चित्रं दिव्याकडे धरून दाखवली. म्हणाले, नस दबून फार काळ झाला, ऑपरेशन करू, पुढचं बिघडू नये म्हणून, पण गेलं ते परत येईल अशी आशा ठेवू नका. ऑपरेशन झालं. गेलं ते परत आलं नाही, पुढे उजवा पायही गेला.

ऑपरेशननंतर नागपूरहून परत येताना कळंबच्या अलीकडे माझा अंदाज चुकला. ट्रकच्या मागून येताना मोठा खड्डा दिसला नाही आणि गाडी अशी आदळली की माझे दात वाजले. मी घाबरून ब्रेक मारला आणि त्यांच्याकडे वळले. ते खिडकीतून बाहेर पाहत होते. त्यांनी मान वळवून विचारलं, "काहून थांबली?"

मी गाडी पुन्हा सुरू केली. यवतमाळ येईपर्यंत खड्डे चुकवायचं मी सोडून दिलं. काही फरक पडत नव्हता.

स्कूल त्याच वर्षी बंद झालं. गाडी ढाणकीच्या एका किराणा दुकानदारानं घेतली. त्यानं जास्तीचे पेडल काढून टाकायला सांगितलं, ते मीच काढले. कडक स्प्रिंगा आणि बटन टायर त्याला नको होते. ते अंगणात पडून राहिले, नंतर भंगारवाला घेऊन गेला. माझे पती त्या वेळी आत पलंगावर होते. दार उघडं होतं, त्यांना सगळं दिसत होतं. मी विचारलं, देऊ का. ते म्हणाले, दे.