शालूची दाढ काढली तो दिवस

आमची शालू लय मुकाट बाई. माझी ती चुलतजाऊ, भिंतीला भिंत लागून घर. नवरा आकाराम मिलिट्रीत, वरसातनं एकदा रजंवर यायचा. बाकीचं वरीसभर घरात ही आन् हिची सासू मनुबाई. मनुबाईचं तोंड कोंबडं आरवायच्या आदी सुरू व्हायचं. शालूचं आपलं नुसतं व्हय आत्याबाई, व्हय आत्याबाई. मी म्हणायची, अगं, ह्या माझ्यासारख्या बनुबाईची जाऊ तू, कवातरी उलटून बोल की. तर हसायची. नणंद हरणाबाई पलूसला दिलेली, ती मातूर आईवर गेलेली. खाण तशी माती.

चौऱ्याहत्तर साल असंल. उसाच्या लागणी चालल्या हुत्या आन् शालूची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, तुरटी झाली, मशेरी घासून घासून बोट काळं झालं, पर गाल टम्म फुगलेला. मी म्हटलं, बाजारात दात उपटणारा बसतोय, एका हिसक्यात मोकळी होशील. मनुबाई माझ्यावरच उखडली. तिच्या सख्ख्या भणीनं असाच बाजारात दात उपटून घेतला हुता, गाल सुजला आन् आठवड्यात ती गेली. शालूला साताऱ्याला दाताच्या डॉक्टरकडंच न्यायचं, असं तिनं ठरवलं. उठता बसता शिव्या घालणारी ही सासू, बघा!

यष्टीनं आमी तिघी गेलो. डॉक्टरनं हिरडीत सुई टोचली तशी शालूचा व्हट लोंबकळला. ती स्वतःच्या गालाला चिमटं घेऊन बघायची आन् वाकडं हसायची. दाढ निघाली. मग डॉक्टरनं पथ्य सांगितलं. कापूस चावून धरायचा. थुंकायचं न्हाई, लाळ गिळायची. आज चूळ भरायची न्हाई, उद्यापासनं मिठाच्या कोमट पाण्यानं. मशेरीला हात लावायचा न्हाई. कढत खायचं न्हाई, कडक खायचं न्हाई, गार पेज प्यायची, आन् जखमंला जीभ लावायची न्हाई. दुपारी भूल उतरली की लय दुखंल, तवा गोळी घ्यायची. मनुबाईनं त्येच्याकडनं सगळं दोनदा वदवून घेतलं. घटकाभर बोलू नको म्हणला हुता त्यो, हिनं त्येचं वाढवून टाकलं. "उद्या उजाडंस्तवर तोंड उघडायचं न्हाई. उघडलंस तर माझ्याशी गाठ हाय."

यष्टीत शालू खिडकीतनं थुंकायला वाकली, तर म्हातारीनं तिच्या मांडीवर चापट मारली. शालूनं गिळलं.

घरी आल्यावर मनुबाईनं सुनंला बसवलं आन् स्वतः पेज रटरटायला ठेवली. मी माझ्या घरी भांडी घासत हुते. शालू दारात आली आन् माझा हात धरून वडाय लागली. काय झालं गं, बोल की, म्हटलं. तिनं तोंडाकडं बोट दाखवलं. मला वाटलं, रगत थांबंना झालंय. जाऊन बघते तर मनुबाई मेढीच्या खांबाला टेकून बसलेली, मान कलंडलेली. हाक मारली, हलवली, नाकाशी हात धरला. संपलं हुतं सगळं.

आमच्यात सुनंनं गळा काढल्याबिगर बायका गळा काढत न्हाईत. शालू उशाला बसली, जबडा आवळून. बायका एकमेकींकडं बघाय लागल्या. मी सांगितलं, दाढ काढलीया, बोलायचं न्हाई तिनं. त्यावर एक म्हणाली, दाढ काढली, डोळं बी काढलं का? लय राग आला मला. पर खरं सांगते, शालूच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, आन् त्येचं मला भ्या वाटलं.

आकारामला तार केली, पर त्यो येस्तवर दोन-तीन दिवस जाणार, म्हणून नुसतं हरणाबाईसाठी मयत थांबवलं हुतं. दिवस कलताना ती जीपनं आली. आईवर पडून रडली, मग रीतीपरमानं शालूच्या गळ्यात पडली. शालू मेढीसारखी ताठ. हरणाबाई मागं सरली. "आई गेली ते बरंच झालं न्हवं गं तुला?" म्हणाली. "आता मला म्हायार न्हाई." शालूनं खाली बघितलं. अगं, मान तरी हलवायची!

मयत झालं, माणसं परतली. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, शेजारपाजाऱ्यांनी भाकरी न्यायची आन् घरच्यांनी एक घास तरी खायचा. कडू घास म्हणत्यात त्येला. मी भाकरी आन् पिठलं घेऊन गेले. हरणाबाई ताटाला शिवंना. आईच्या नावाचा घास भावजयनं आदी खाल्ला तरच ह्या घरात खाईन, न्हाईतर आत्ताच जाते आन् पुन्यांदा उंबरा चढत न्हाई, असं तिनं चारचौघांत सांगितलं. आवं वन्सं, आजच दाढ काढलीया तिची, तुमच्या आईनंच तोंड उघडू नको म्हणून बजावलंय, भाकरी चालत न्हाई तिला, म्हणून मी मधी पडले. पर शालूनं ताट वडून घेतलंच.

भाकरीचा तुकडा तिनं तोंडात घातला आन् दाढ काढलेल्या बाजूलाच चावाय लागली. व्हटाच्या कडनं रगत आलं, हनुवटीवरनं लुगड्यावर पडाय लागलं. ही आपली चावतीया. भूल तर कवाच उतरली असंल. माझ्याच्यानं बघवंना. मी म्हटलं, शालू, दुखत असंल गं, टाक ती.

साताऱ्यापास्नं पहिल्यांदा ती बोलली. "न्हाई जाऊबाई. कायच दुखत न्हाई."

हरणाबाई तिच्याकडं बघत राहिली. मग पुढं सरकली, बारक्या पोराची धरावी तशी शालूची हनुवटी धरली, तोंडात बोट घालून त्यो घास बाहेर काढला. पदरानं रगत पुसलं. आन् तिथंच तिच्याजवळ बसून त्याच ताटातली भाकरी मोडून खायला लागली.